एकच फेरफटका, दोन आकडे

समजा, नवरा-बायको सकाळी सोबत फिरायला गेले. त्याच मैदानाला तेवढ्याच फेऱ्या मारल्या, येताना दूध घेतले आणि घरी आले. त्याच्या फोनवर ४,२०० पावले आणि तिच्या फोनवर २,९००. ॲप दोघांचे एकच. मग चेष्टा सुरू होते, ‘अर्धी वाट उडत आलीस की काय?’ चेष्टेपुरते ठीक आहे. पण हाच आकडा पुढे मधुमेहाच्या तपासणीला डॉक्टरांना दाखवला जातो. आरोग्यविम्याच्या काही योजनांत त्यावर हप्त्यात सवलतही मिळते. तेव्हा तो येतो कुठून, हे एकदा नीट पाहायला हवे.

पहिली गोष्ट ही की, फोनला आपले पाऊल दिसत नाही. त्याला कळतात ते फक्त हिसके. फोनच्या आत ॲक्सेलरोमीटर नावाची, तांदळाच्या दाण्याहूनही लहान चिप असते. तिच्यात सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा स्प्रिंगसारख्या पट्ट्यांवर तरंगता ठेवलेला असतो. त्याला कंगव्यासारखे दाते असतात आणि ते समोरच्या स्थिर दात्यांच्या मधोमध बसवलेले असतात. फोन हलला की तुकडा किंचित मागे राहतो, दात्यांमधले अंतर बदलते आणि त्याबरोबर तिथली विद्युत धारकताही बदलते. एसटीने अचानक ब्रेक मारला की उभे प्रवासी पुढे झुकतात, तोच हा प्रकार. ही मोजणी तीन दिशांनी होते. आडवी, उभी आणि आरपार.

गंमत म्हणजे, टेबलावर शांत पडलेला फोनसुद्धा शून्य दाखवत नाही. टेबल त्याला गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर धरून असते आणि चिपला तेवढा जोर जाणवतो. अँड्रॉइड फोन उताणा ठेवला तर तो या दिशेला ९.८ असा आकडा देतो. आयफोन त्याच टेबलावर, त्याच स्थितीत उणे १ म्हणतो. एकाने मीटर-सेकंदात मोजले, दुसऱ्याने गुरुत्वाकर्षणाच्या पटीत, आणि दोघांनी दिशेची खूणही उलटी धरली. आजकाल अनेक ॲप एकदाच लिहून दोन्ही प्रकारच्या फोनवर चालवली जातात. लिहिणाऱ्याने हा फरक सांभाळून घेतला नाही, तर एका घरातल्या दोन फोनमध्ये तराजू वेगळे आणि वजनेही वेगळी, अशी गत होते.

या आकड्यांतून पाऊल शोधायचे कसे? चालताना दर पावलाला शरीर थोडे वर-खाली होते. तीन दिशांचे आकडे एकत्र करून आलेख काढला तर त्यात लाटा दिसतात. सेकंदाला साधारण दोन शिखरे, पुरेशी उंच आणि बऱ्यापैकी एका तालात आली, की ॲप म्हणते, हे चालणे. शिखर किती उंच असले म्हणजे पाऊल धरायचे, हे मात्र माणसाने ठरवलेले असते. ही रेषा खाली ओढली तर खड्ड्यांच्या रस्त्यावरून रिक्षाने जातानाही पावले वाढू शकतात. वर नेली तर हळू चालणाऱ्याची पावले गळतात.

सतत असे मोजत बसले तर बॅटरी दुपारीच संपेल. म्हणून २०१३च्या सुमारास आयफोन ५एस आणि अँड्रॉइडची ४.४ ही आवृत्ती आली, तेव्हापासून फोनमध्येच पावले मोजण्याची वेगळी, कमी वीज खाणारी सोय होऊ लागली. ॲप आता बहुधा तिलाच आकडा विचारते. इथेही दोन घरांच्या दोन रीती आहेत. आयफोन मागच्या सात दिवसांची पावले जपून ठेवतो. आज ॲप घेतले तरी गेला आठवडा दिसतो. अँड्रॉइडची मूळ मोजणी फोन सुरू झाल्यापासूनची असते. फोन बंद करून पुन्हा चालू केला की ती शून्यावर येते आणि आधीची बेरीज ॲपने स्वतः लिहून ठेवलेली असावी लागते. त्यातच ‘बॅटरी बचत’ चालू असली तर फोन मागे चाललेली ॲप झोपवून टाकतो. तिची १,३०० पावले चालण्यात नाही, अशा हिशेबात हरवलेली असू शकतात.

तरुण, धडधाकट माणसांच्या बाबतीत तसे फार बिघडत नाही. अमेरिकेत १४ निरोगी प्रौढांना ट्रेडमिलवर चालवून केलेली एक छोटी चाचणी २०१५ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आली होती. त्यात फोनमधील ॲपची मोजणी प्रत्यक्ष पावलांपेक्षा सरासरी ६ ते ७ टक्क्यांच्या आतच कमी-जास्त निघाली. पण ट्रेडमिल म्हणजे सपाट, एकसारखा वेग आणि खिशात घट्ट बसलेला फोन. गुडघे दुखणारी आजी भिंतीचा आधार घेत चालते, पार्किन्सनचा रुग्ण पाय घासत चालतो, कुणी वॉकर ढकलत चालते. त्यांच्या चालीत हिसका असतोच कमी, आणि लाट रेषेपर्यंत पोचत नाही. ज्यांच्या चालण्याची नोंद डॉक्टरांना सर्वांत जास्त हवी, त्यांच्याच बाबतीत हे यंत्र सर्वांत कच्चे ठरते. दिवसभर घरात ये-जा केलेल्या आजींना ‘तुम्ही आज फक्त ३१२ पावले चाललात’ असे कुणी ऐकवले, तर त्या दुसऱ्या दिवशी उत्साहाने चालतील, असे मला वाटत नाही.

दुसरा घोळ खिशाचा. साडीला खिसा नसतो, पंजाबी ड्रेसला असला तर नशीब. बाईचा फोन ओट्यावर, फ्रिजवर नाहीतर पर्समध्ये. ओट्यापासून गॅलरीपर्यंतच्या शंभर खेपा त्याच्या लेखी झालेल्याच नसतात. २०१७ मध्ये ‘नेचर’ने १११ देशांतील ७ लाख १७ हजार लोकांच्या फोनमधील पावलांचा अभ्यास छापला. भारताची सरासरी दिवसाला ४,२९७ निघाली आणि ‘भारतीय आळशी’ अशा बातम्या झाल्या. ती माहिती आयफोनवरच्या एका ॲपची होती. आपल्याकडे त्या वेळी आयफोन कुणाकडे होता? ऊसतोड कामगार, मासळी डोक्यावरून नेणारी कोळीण, डबेवाले त्या सरासरीत कितपत असतील, याचा अंदाज कुणालाही करता येईल. अभ्यास मोलाचा आहेच. देशादेशांत आणि स्त्री-पुरुषांत चालण्याची विषमता किती, हे त्याने मोठ्या प्रमाणावर मांडले. पण फोनने मोजलेला देश आणि चालणारा देश एकच नव्हे.

आणि १० हजारांचा तो आकडा? तो वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये ‘मानपो-केई’, म्हणजे ‘दहा हजार पावलांचे मापक’, या नावाने कमरेला लावायचे एक यंत्र विकायला आले आणि नावातले उद्दिष्ट जगभर पसरले. हार्वर्डच्या आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी सरासरी ७२ वर्षे वयाच्या १६,७४१ स्त्रियांचा अभ्यास केला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होते आणि साधारण ७,५०० नंतर फरक वाढत नव्हता. आता त्या स्त्रियांची पावले मोजली होती ती कमरेला बांधलेल्या संशोधनासाठीच्या यंत्राने, पर्समधल्या फोनने नव्हे. त्यामुळे ४,४०० हा आकडा जसाच्या तसा आपल्या ॲपवर शोधू नये. शिवाय चालल्यामुळे आयुष्य वाढले की ज्यांना चालता येत होते त्या मुळातच ठणठणीत होत्या, हा प्रश्न अशा अभ्यासात पूर्ण सुटत नाही.

आपला फोन आपल्याला किती ओळखतो, हे घरच्या घरी तपासता येते. ॲपवरचा आकडा लिहून ठेवा. फोन नेहमी जिथे असतो तिथेच ठेवून, नेहमीच्या चालीने, तोंडाने मोजत १०० पावले चाला. एक-दोन मिनिटे थांबा, कारण काही फोन आकडा उशिरा देतात, आणि मग फरक पाहा. ९५ ते १०५ आले तर उत्तम. ६० आले तर फोन कमरेच्या पाऊचमध्ये ठेवून पुन्हा करा. तरीही ६०च आले, तर आजींसाठी ॲप बाजूला ठेवून घड्याळ लावा : सकाळी दहा मिनिटे, संध्याकाळी दहा मिनिटे. वेग पाहायचा असेल तर मिनिटाला १०० पावले म्हणजे प्रौढांसाठी मध्यम व्यायाम, असा ढोबळ हिशेब आहे. डॉक्टरांकडे जाताना ॲपचा एका दिवसाचा आकडा नेऊ नका. एकाच फोनवरचे, एकाच ठिकाणी ठेवून मोजलेले महिनाभराचे आकडे न्या. आकडा चुकत असला तरी रोज सारखाच चुकत असेल, तर गेल्या आठवड्यापासून चालणे अचानक निम्म्यावर आले आहे, हे त्यातूनही दिसते. असे दिसले तर आधी फोन नवा घेतला का, हे विचारा आणि तसे नसेल तर गुडघ्याची, श्वासाची चौकशी करा.