वाढणारे घर आणि ओढ्याची जागा

घराचा प्रश्न आपल्या चळवळीत निघतो तो बहुधा झोपड्या पाडल्या जातात तेव्हा. घर जमिनीवर कसे बसवावे, हा विचार आपण वास्तुशिल्पींवर सोडून दिला आहे. वास्तविक हा विचार आपला आहे. गावगाडा रचणाऱ्याला जमिनीचे ज्ञान पुरेपूर होते. उंच पांढरी कोणाची, ओढ्याकाठचा सखल तुकडा कोणाचा, हे त्याने नेमके ठरवले. आपला वारा गावावरून जाऊ नये म्हणून आपली वस्ती बहुधा पूर्वेला ठेवली. म्हणून 'निसर्गाशी जोडलेली घरे' हे शब्द ऐकले की मी आधी विचारतो : कोणाला कुठे जोडले?

बेलापूरची वसाहत या प्रश्नासह पाहण्यासारखी आहे. चार्ल्स कोरिया यांनी ती 1983 ते 1986 या काळात नवी मुंबईत उभारली. जमीन सुमारे 6 हेक्टर, घरे हेक्टरी सुमारे 100. तरीही उंच इमारत एकही नाही. 7 घरांमध्ये 8 मीटर लांब-रुंद अंगण. असे 3 गट मिळून 21 घरांना 12 मीटरचे मोठे अंगण. पुढे याच क्रमाने शाळेपर्यंतची मोकळी जागा. मधला ओढा बुजवला नाही. पावसाळ्यातले जादा पाणी तोच वाहून नेतो.

भूखंड सुमारे 45 ते 75 चौरस मीटरचे. मिळकतीत मोठी तफावत असली तरी जमिनीत ती एवढीच ठेवली. घरांच्या मुख्य भिंती सामाईक नाहीत. कारण सामाईक भिंत असली की शेजाऱ्याला विचारल्याशिवाय मजला चढत नाही. संडास मात्र जोडीने बांधले, म्हणजे नळ व मोरीचा खर्च वाचतो.

याचे मोल मला कळते. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. मला नोकरी लागली तेव्हा मातीच्या घराला सिमेंटची एक खोली जोडली गेली. भावाच्या लग्नात पत्र्याची पडवी आली. आपली घरे एका दमात होत नाहीत. ती पगाराबरोबर वाढतात.

मुंबईत 1995 पासून राबवलेल्या झोपडपट्टी पुनर्वसनात नेमके हेच घडू शकत नाही. कायदेशीर खोली आणि घरातला संडास मिळणे लहान गोष्ट नाही. पण 225 चौरस फुटांची खोली पुढे 269 आणि नंतर 300 झाली ती सरकारच्या नियमाने. राहणाऱ्याच्या हाताने ती वीतभरही वाढत नाही. इमारती एकमेकींना खेटून उभ्या राहिल्या, तर खालच्या मजल्यांना ऊनही मिळत नाही.

बेलापूरचीही मर्यादा सांगितली पाहिजे. जमिनीचे भाव चढले आणि अनेक मूळ घरे पाडून तिथे मोठी घरे उभी राहिली. वाढण्याची मोकळीक ज्याच्याकडे पैसा, त्याच्या कामी आली. दुसरे असे की नकाशातले अंगण आपोआप समतेचे होत नाही. 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याच्या कौतुकावर प्रहार केला होता. अंगण, ओटा, कौलारू छप्पर शहरात आणताना खेड्यातली उतरंड सोबत येणार नाही, याची हमी वास्तुशिल्पी देऊ शकत नाही. ती घरवाटपाच्या नियमांतच असावी लागते.

तेव्हा आपल्या वस्तीचा नकाशा पुढे आला की खोलीचे चौरस फूट मोजून थांबू नये. पावसाचे पाणी कोणाच्या दारातून जाणार, घर कोणत्या बाजूला वाढणार आणि एका अंगणातली सात कुटुंबे कशी निवडणार, ही तीन उत्तरे सहीआधी लेखी मागावीत.