गोड पदार्थ किती दिवस टिकतो?

मंडळी, संक्रांतीचा काटेरी हलवा पाडव्यालाही खुटखुटीत असतो. तिळाचे लाडू तोवर खवट लागू लागतात. आणि खव्याचा पेढा तर उन्हाळ्यात एकदोन दिवसांतच आंबूस होतो. गोडी तिन्हींत आहे, मग असे का?

हलवा म्हणजे जवळजवळ निव्वळ साखर. त्यात ओलावा नाही, म्हणून जंतूंना थारा नाही. दमट हवेत तो फार तर चिकटेल. तिळातले तेल मात्र हवा व उजेड लागून खवट होते. खव्यात तर ओलावा भरपूर; तिथे जंतू झपाट्याने वाढतात.

आता चॉकलेट. त्यात पाणी नाममात्रच. थंड, कोरड्या जागी, घट्ट झाकणाच्या डब्यात दुधाचे चॉकलेट साधारण वर्षभर आणि काळे त्याहून अधिक टिकते. पण कोकोचे लोणी ३४ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते वितळून पुन्हा गोठले, की वर पांढरट थर धरतो. ती बुरशी नव्हे! चव थोडी उतरते, अपाय होत नाही.

तेव्हा मुदतीतले चॉकलेट नुसते पांढुरके झाले म्हणून टाकू नका. आणि शिळा पेढा, प्रसादाचा असला तरी, मुलांच्या हातावर ठेवू नका.