भूगर्भाची कंपन-पाहणी

अणुभट्टीतील वापरलेल्या इंधनाचा किरणोत्सर्ग नैसर्गिक पातळीस येण्यास लक्षावधी वर्षे लागत असल्यामुळे, ते ज्या खडकाच्या हवाली करावयाचे त्याची कसून तपासणी, आणि तीही त्यास फारसे न पोखरता, होणे अगत्याचे असते. स्वित्झर्लंडमध्ये अवजड वाहनांनी जमिनीस कंप देऊन, थराथरांवरून परतणाऱ्या लहरींच्या विलंबावरून, सुमारे १७.५ कोटी वर्षांपूर्वीच्या ओपॅलिनस मृत्तिकेची खोली, जाडी व तीमधील भ्रंश यांचा त्रिमितीय नकाशा सिद्ध करण्यात आला. खडकातून पाणी कितपत झिरपते, हे मात्र लहरी सांगत नाहीत. त्यासाठी खोल छिद्रे घेऊन नमुने काढावेच लागले. या उभय पुराव्यांवरून २०२२ मध्ये नाग्रा या संस्थेने न्योर्डलिश लेगर्न या स्थळाची निवड जाहीर केली. तेच स्थळ २०१५ मध्ये तिने मागे ठेवण्याचे सुचविले होते, आणि पुराव्यापुढे पूर्वमत सोडण्याची ही तयारी मला विशेष आदरणीय वाटते.