हातांवरून ओळखला जाणारा रॅकून

डोळ्यांभोवती काळा पट्टा, शेपटीला वलयं, अंगानं गुबगुबीत. तरी उत्तर अमेरिकेतल्या या प्राण्याचं बारसं करणाऱ्यांची नजर खिळली ती त्याच्या हातांवर!

‘रॅकून’ हा शब्द मूळचा इंग्रजी नव्हेच. १६०७ साली व्हर्जिनियात इंग्रजांनी जेम्सटाउन वसवलं, तेव्हा तिथल्या पौहाटन लोकांच्या तोंडचं या प्राण्याचं नाव त्या इंग्रजांतल्या कॅप्टन जॉन स्मिथनं कानाला ऐकू आलं तसं टिपलं. १६०८ मध्ये एका स्पेलिंगनं, १६१२ मध्ये दुसऱ्याच. अर्थ साधारण असा : हातांनी चोळणारा, खरवडणारा. पौहाटन भाषा पुढे बोलण्यातून नाहीशी झाली. तिच्यातली रॅकून, ओपॉसम ही प्राण्यांची नावं मात्र जगभर गेली.

मेक्सिकोत स्पॅनिश बोलणारे त्याला ‘मापाचे’ म्हणतात. तो शब्द तिथल्या मूळच्या नाहुआटल भाषेतून आला. अर्थ, सगळं हातात घेणारा.

युरोपीय मात्र ‘धुण्या’वर अडकले. जर्मनमध्ये तो ‘वाशबेअर’, म्हणजे धुणारं अस्वल. युरोपाबाहेर जपानीतही ‘अराइगुमा’, अर्थ तोच. निसर्गशास्त्रज्ञ लिनियसनं १७५८ मध्ये त्याला थेट अस्वलांच्या प्रजातीत बसवलं आणि ‘लोटर’, म्हणजे धुणारा, असं लॅटिन नाव दिलं. अस्वलांमधून तो पुढे बाहेर पडला, ‘लोटर’ शास्त्रीय नावात आजही आहे.

पण रॅकून स्वच्छतेसाठी काही धुतच नाही! पिंजऱ्यातले रॅकून खाणं पाण्यात बुचकळतात, कारण रानात ते ओढ्याच्या तळाशी हात घालून खेकडे, झिंगे चाचपत असतात. पिंजऱ्यात ओढा नाही, पण सवय जात नाही. शिवाय ओल्या पंजाला स्पर्श अधिक नीट कळतो. त्याच्या मेंदूत एकेका बोटाच्या स्पर्शासाठी वेगळी वळी असते, इतकं त्या हातांचं महत्त्व. १९०७ मध्ये एच. बी. डेव्हिस या संशोधकानं रॅकूनपुढे १३ प्रकारची कड्या-कुलपं ठेवली. रॅकूननी त्यांतली ११ उघडली.

 

या सगळ्या नावांत माझं मत पौहाटनांना. त्यांनी प्राणी नीट पाहिला होता. रॅकूनचा एखादा व्हिडिओ समोर आला तर तुम्हीही पाहा : हात पाण्यात चाचपत असतात आणि डोळे बहुतेक वेळा भलतीकडेच असतात.