सुई कुणाच्या हाती?

म्हैसूरहून नंजनगूडला जाताना वाटेत कडकोळ लागतं. एका बाजूला शेती आणि दुसऱ्या बाजूला औद्योगिक वसाहत. अशा गावात नर्सबाईची यादी कधीच पुरी होत नाही, कारण कामासाठी आलेली भाडेकरू कुटुंबं आज इथे, तर उद्या दुसरीकडे. सरकारी निकष मात्र सरळ आहे: सपाट भागात ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र, डोंगराळ वा आदिवासी भागात ३,००० मागे एक. या आकड्यात लसीकरण, गरोदर बायांची तपासणी, क्षयाच्या गोळ्या, रक्तदाब-मधुमेहाची पाहणी आणि ऑनलाइन नोंदी हे सगळं बसवायचं. कर्नाटक असो की महाराष्ट्र, एएनएम (साहाय्यक परिचारिका-प्रसाविका) सिस्टरच्या पिशवीचं वजन सारखंच.

पण मला बोलायचंय ते त्या पिशवीतल्या सुईबद्दल.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत एक प्रयोग केला. गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या बायांना नवजात बाळाचं वजन, ताप आणि श्वास तपासायला शिकवलं. गुदमरलेल्या बाळाला श्वास कसा द्यायचा आणि जंतुसंसर्ग झाल्यास जेंटामायसिनचं इंजेक्शन कसं द्यायचं, हेही शिकवलं. या आरोग्यदूतांनी उपचार सुरू करण्याआधी जंतुसंसर्ग झालेल्या बाळांपैकी १६.६ टक्के दगावत होती, नंतर हे प्रमाण २.८ टक्क्यांवर आलं. १९९९ साली ‘द लॅन्सेट’मध्ये हे आकडे छापून आले, तेव्हा अनेक डॉक्टरांच्या भुवया उंचावल्या. आठवी-दहावी शिकलेल्या बाईने तान्ह्या बाळाला सुई टोचायची?

२०११ साली केंद्र सरकारने घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर नेला. आशाताईने, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविकेने, बाळ-बाळंतिणीच्या घरी बेचाळीस दिवसांत सहा फेऱ्या मारायच्या (बाळंतपण घरी झालं तर सात) आणि त्याचे २५० रुपये घ्यायचे. इंजेक्शन तेवढं त्यातून वगळलं. २०१४ साली ते परत आलं, पण एएनएमच्या हाती, आणि बाळाला रुग्णालयात नेणं शक्य नसेल तरच.

घोळ नेमका इथेच झाला. हा उपचार सात दिवसांचा. रोज एक इंजेक्शन, रविवार असो वा सण. आरोग्यदूत त्याच गावची, चार घरं सोडून राहणारी. एएनएम मात्र अनेक गावांची. मंगळवारी तिचं एका पाड्यावर लसीकरण, बुधवारी तालुक्याला मीटिंग. कागदावर परवानगी मिळाली, पण सलग सात दिवस त्या दारात जायला माणूस कुठून आणायचा? माझ्या मते वैद्यकीय धोक्याचा विचार नीट झाला, अंतराचा झालाच नाही. सुई ज्या हातांनी चालवून दाखवली, त्या हातांतून ती काढून जास्त शिकलेल्या, पण लांबच्या हातांत दिली.

तसं एएनएमच्या हाती इंजेक्शन नवं नव्हतं. २००५ पासून तिला प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवायला ऑक्सिटोसिन आणि गरोदरपणातल्या झटक्यांसाठी मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस द्यायची मुभा आहे. त्याच सुमारास राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून उपकेंद्रावर दुसरी एएनएम आली, तीही कंत्राटी. जोखीम कायम सेवेतल्या सिस्टरइतकी, नोकरी मात्र अकरा-अकरा महिन्यांची. २०१८ नंतर समुदाय आरोग्य अधिकारी हे नवं पद आलं. कर्नाटकात त्यासाठी परिचारिकांवर भर राहिला, महाराष्ट्रात बीएएमएस (आयुर्वेद) डॉक्टरांनाही घेतलं. आपल्याकडे शिकलेल्या परिचारिकांची वाण नसताना हे का झालं, याचं उत्तर कुणीतरी द्यायला हवं. बहुधा गावकऱ्यांपेक्षा अधिकाऱ्यांनाच ‘डॉक्टर’ हवा असतो.

या सगळ्या हातांच्या मोबदल्याची आणि नोकरीची गोष्ट वेगळीच. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या आशा मानधनवाढीसाठी संपावर होत्या. पुढे मार्च २०२४ मध्ये राज्याने ५,००० रुपयांची वाढ मंजूर केली. त्याच महिन्यात दहा वर्षं सेवा झालेल्या कंत्राटी आरोग्य कर्मचाऱ्यांना कायम सेवेत सामावून घेण्याचा शासन निर्णयही निघाला. त्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये हे कर्मचारी संपावर गेले, आणि उपकेंद्रांचं काम उरलेल्या कायम सिस्टरांच्या अंगावर पडलं.