हौसेची गाडी, गोठ्याएवढी जागा

आपल्याकडे बहुतेक गावांत एक तरी अशी गाडी असते. कुणाच्या वडिलांनी उसाच्या बिलात घेतलेली जीप, कुणाच्या चुलत्याची फियाट, एखाद्या माजी सरपंचाची अॅम्बॅसॅडर. गाडी चालत नाही, पण मोडीत घालायचा धीरही होत नाही. घरातली तरुण मंडळी म्हणतात, "आबा, द्या आता भंगारात, जागा तरी मोकळी होईल." आबा म्हणतात, "अरे, तुझ्या बापाच्या लग्नाचं वऱ्हाड याच गाडीतून गेलं." वाद तिथेच थांबतो आणि गाडी पडवीच्या कडेला भिजत राहते.

हौस असणे हा गुन्हा नव्हे. मात्र तिला जागा आणि शिस्त दोन्ही लागतात. शिस्त नसेल तर काय होते, ते आमच्याच घरी पाहिले. वडिलांची जीप अंगणातून शेडमध्ये ढकलत होतो. तोंडाशी हातभर चढ. मागे तिघे, त्यात पंधरा वर्षांचा पुतण्या. चढावर गाडी थबकली आणि उलटी सरकू लागली. आत बसलेल्याने ब्रेक दाबला, पायडल थेट तळाला गेले. शेजारच्या दादांनी चपळाईने चाकामागे दगड टाकला म्हणून पोराचे पाय वाचले. तेव्हापासून उटी हाताशी असल्याशिवाय आम्ही गाडीला हात लावत नाही. तुम्हीही लावू नका.

आधी माप, मग गाडी

छोटी जीप लांबीला सुमारे ११ फूट, फियाट १३ फूट आणि अॅम्बॅसॅडर १४ फूट भरते. तरीही बंपर, आरसे आणि स्टेपनी धरून आपली गाडी स्वतः मोजा. शेडमध्ये दोन्ही बाजूंना सारखी जागा सोडण्याचा मोह टाळा. एक बाजू भिंतीपासून फूटभर ठेवा आणि उरलेली सगळी जागा ड्रायव्हरच्या बाजूला द्या, म्हणजे दार उघडेल आणि माणूस वाकून काम करू शकेल. गाडी मागच्या अंगाने आत घाला. बॉनेट दाराकडे राहिले तर उजेडात इंजिन पाहता येते आणि वेळ आलीच तर गाडी सरळ बाहेर काढता येते.

ढकलण्याची रीत

बरीच वर्षे उभी असलेली गाडी लगेच ढकलायला जाऊ नका. आधी चारही टायरांत पूर्ण हवा भरा, कारण बसक्या टायरावर दोन माणसांचे काम सहा माणसांना होत नाही. हँडब्रेक ओढून ठेवलेला असेल तर लायनर ड्रमला चिकटलेले असतात. अशा वेळी ट्रॅक्टरने हिसका मारू नये. चाक काढून ड्रमवर हलकी ठोक दिली की बहुधा सुटते.

गाडीत एक जाणता माणूस स्टिअरिंगवर बसवा. दिवे, पत्रा किंवा काच यांवर जोर देऊ नका, खिडकीच्या खांबाला धरून ढकला. दोघांनी लाकडी उट्या घेऊन चाकांबरोबर बाजूने चालावे आणि हात-दीड हातावर उटी सरकवत जावे. चढ असेल तर मागून ढकलू नका, पुढून दोराने ओढा. गाडीच्या मागे कुणीही उभे राहता कामा नये. ट्रॅक्टर लावायचाच असेल तर दोर किंवा दांडा चासीला बांधा, बंपरला नको, आणि ट्रॅक्टर सगळ्यात लहान गिअरमध्ये ठेवा.

जागा फारच अडचणीची असेल तर गाडी आडवी सरकवावी लागते. त्यासाठी वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी अँगलचे चार पाट करून घ्या, प्रत्येकाला कॅस्टरची चार फिरती चाके. अशी गाडी साधारण टनभर भरते, म्हणजे एका चाकावर अडीच-तीनशे किलो भार येतो. जमीन थोडी जरी वरखाली असली तर पाटाची दोनच चाके सगळा भार घेतात, म्हणून प्रत्येक कॅस्टर किमान १५० किलो पेलणारे घ्या. खाली कोबा किंवा शहाबादी फरशी हवी, शेणाने सारवलेल्या जमिनीत ही चाके रुततात. महत्त्वाचे म्हणजे गाडी पाटांवर चढली की तिचा हँडब्रेक काही कामाचा राहत नाही. तेव्हा पाटांचा उपयोग अगदी सपाट जागेतच करा, आणि काम झाले की गाडी पुन्हा टायरांवर उतरवा.

जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका. टेकूला विटाही लावू नका, भाराखाली वीट एकाएकी फुटते. जाड लाकडी ओंडके किंवा लोखंडी घोडी वापरा.

पावसाळ्यापूर्वी

आपल्याकडे गाडी खाते ती ओल. मुरमावर प्लॅस्टिकचा कागद घालून त्यावर कोबा केला तर जमिनीची ओल वर येत नाही. तेवढा खर्च झेपत नसेल तर टायरांखाली फळ्या तरी घाला. वर प्लॅस्टिकची ताडपत्री घट्ट गुंडाळू नका, आत घाम धरतो आणि पत्रा गंजतो. जुन्या सुती चादरी शिवून टाका. गोणपाटही नको, ते ओल धरून ठेवते.

शेडमध्ये गाडीशेजारी खताची पोती रचणे ही फार मोठी चूक. खत हवेतली ओल ओढते आणि लोखंड खाते. गोठ्याला लागून शेड असेल तर मधे भिंत हवी, कारण गोमूत्राचा तीव्र वास तांब्या-पितळेच्या भागांना आणि तारांना सोसत नाही. कडबा आणि कुट्टी तर त्या छपराखाली मुळीच नको. पेट्रोलची वाफ, कडबा आणि एक विडी एवढे आग लागायला पुरेसे आहे.

गाडी चार-सहा महिने उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करा. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी ओढते आणि जुन्या गाड्यांचे रबरी पाइप व गॅस्केट मऊ पाडते. पाइप बदलून घेतले तर उत्तम. रेडिएटरमधले साधे पाणी काढून टाका. बॅटरीची आधी निगेटिव्ह वायर सोडा आणि महिन्यातून एकदा बॅटरी चार्ज करा.

उंदीर हा दुसरा शत्रू. तो वायरिंग कुरतडतो आणि सीटच्या काथ्यात घर करतो. सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा घाला आणि आठवण म्हणून स्टिअरिंगला लाल फडके बांधा. उंदरामागे साप येतो, तेव्हा पावसाळ्यात बॉनेट उघडण्याआधी काठीने ठोकून पाहावे.

दर आठवड्याला दोन मिनिटे इंजिन घरघरवण्यात काही अर्थ नाही, त्याने उलट आत ओल साचते. चालू करायचे तर गाडी शेडबाहेर काढून पुरते गरम होईपर्यंत चालवा. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका. त्यातला कार्बन मोनॉक्साइड डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही आणि माणूस बसल्या जागी जातो.

कागद आणि कायदा

गाडी गल्लीत उभी करून ठेवणे म्हणजे रुग्णवाहिकेची वाट अडवणे. रस्त्यावरील असा अडथळा दूर करण्याचा अधिकार ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम ५३ ने पंचायतीला दिला आहे. नवे शेड बांधण्यापूर्वी पंचायतीत विचारा आणि परवानगी लागत असेल तर आधी घ्या. ग्रामसेवक आणि सरपंचांनीही नोटीस काढण्याआधी एकदा घरी जाऊन बोलावे. पुष्कळदा गाडी हलवायला चार माणसे मिळाली की प्रश्न सुटतो.

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे तपासणी करून ५-५ वर्षांनी वाढवावी लागते. ५० वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली वेगळी नोंदणी सुरू केली. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, मुदत १० वर्षे. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणता येते. बाजारहाटाला न्यायचा विचार असेल तर ही वाट धरू नका.

आणि शेवटी मोडीतच द्यायची ठरली, तर नुसती भंगारवाल्याच्या हाती सोपवू नका. नोंदणीकृत मोड केंद्रात द्या, दाखला घ्या आणि आरटीओतून नोंदणी रद्द करून घ्या. नाहीतर गाडी जाते, पण नंबर तुमच्याच नावावर राहतो.

तेव्हा यंदा रोहिणी लागण्याआधी एक सकाळ काढा. मापपट्टी, दोन उट्या, हवेचा पंप आणि शेजारची चार माणसे जमवा. आबांना खुर्ची टाकून समोर बसवा. गाडी ठेवायची की द्यायची, हे त्यांच्यासमक्ष ठरवा. ठेवायची ठरली तर नीट ठेवा.