चेंडू येण्यापूर्वीची नजर

खेळाच्या तासाला फुटबॉल मैदानात पडला की मुले मोहोळ उठावे तशी चेंडूमागे धावतात. प्रत्येकाची दृष्टी चेंडूवर खिळलेली असते. मग ज्याच्या पायाशी चेंडू येतो तो मुलगा गांगरतो व वाटेल तिकडे लाथ मारतो. अशा मुलास मंद ठरविण्याची घाई पुष्कळदा होते. वस्तुतः उणीव बुद्धीची नसते. चेंडू येण्यापूर्वी त्याने आजूबाजूस पाहिलेले नसते, एवढेच.

नेत्राची रचनाच अशी आहे की, हात लांब करून धरला असता अंगठ्याच्या नखाने जेवढी जागा व्यापावी, साधारण तेवढाच भाग अत्यंत स्पष्ट दिसतो. उरलेल्या भागातील हालचाल जाणवते, तपशील मात्र अंधुक राहतो. आणि पाठीमागचे तर मान वळविल्यावाचून दिसतच नाही. नॉर्वेचे क्रीडामानसशास्त्रज्ञ गाइर यूर्डेट व त्यांचे सहकारी यांनी इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधील खेळाडूंचे निरीक्षण करून २०१३ साली निष्कर्ष मांडले. चेंडू मिळण्यापूर्वी जे वारंवार सभोवार पाहून घेत, त्यांनी दिलेला चेंडू साथीदारापर्यंत अधिक वेळा पोचत असे.

पुण्यास ही गोष्ट परकी वाटू नये. १९१४ साली डेक्कन जिमखान्याने ज्या खो-खोची नियमावली तयार केली, त्या खेळात हेच शिक्षण आहे. पाटीवर बसलेला गडी खो मिळाल्यावर एकदा दिशा धरली की मागे फिरू शकत नाही. म्हणून धावणारा कोणीकडे झुकतो आहे हे त्याने बसल्या जागी हेरून ठेवावे लागते. खो-खोत तरबेज मुलास फुटबॉलमधील ही नजर समजावून देणे त्यामुळे सोपे जाते.

सरावासाठी तीन मुले एका ओळीत, दहा-दहा पावलांवर उभी करावीत. पहिल्याने मधल्याकडे चेंडू ढकलावा. त्याच वेळी मधल्याच्या पाठीमागील मुलाने हात वर करावा किंवा खालीच ठेवावा. हात वर असल्यास मधल्याने वळून त्यास चेंडू द्यावा, नसल्यास पहिल्याकडे परत करावा. चेंडू वाटेत असतानाच मान वळवून पाहिल्याखेरीज हे साधत नाही.

या वेळी शिक्षकांनी कडेवरून ‘इकडे दे, तिकडे दे’ असे ओरडू नये. तसे झाले की मूल मैदान पाहण्याऐवजी गुरुजींचा आवाज ऐकू लागते आणि निर्णय गुरुजींचाच होतो. आरंभी चुका पुष्कळ होतील, चेंडू हातचा निसटेल. तेवढे होऊ द्यावे. फुटबॉल नसल्यास चिंध्यांचा घट्ट बांधलेला चेंडूही चालतो.